मनात वाचलेलं धरत नाही

वाल सोलायला बसलं की पाच मिनिटांत माझी पाठ बोलायला लागते. परवा भिजत घातलेले, काल फडक्यात बांधून ठेवलेले कडवे वाल आज चांगले मोड काढून बसलेत. कोमट पाण्यात टाकले की सालं सैल होतात. मग एकेक दाणा चिमटीत धरायचा, दाबायचा, की आतलं बिरडं सुटून पातेल्यात पडतं. असे किती दाणे सोलते ते मी कधी मोजलं नाही. मोजलं असतं तर करायचंच सोडून दिलं असतं. शाळेच्या ऑफिसात दिवसभर दाखले लिहायचे, सहा वाजता कर्जतच्या बाजारातून चिखल तुडवत घरी यायचं आणि मग ही सालं काढत बसायचं, यात हौस कसली. पण घरात खाणारी चार माणसं, महिन्याची अखेर आलेली, आणि वालासारखं थोडक्यात पोट भरणारं, वर जेवल्यासारखं वाटणारं दुसरं काही मला येत नाही.

समोर पप्पा बसलेत. त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरलाय. एकाचं ऑपरेशन पावसाळ्यानंतर करायचं ठरलंय. दाणा त्यांना नीट दिसत नाही, तरी माझे दहा होईपर्यंत त्यांचे पंधरा होतात. गेल्या आठवड्यात असेच बसलो असताना त्यांनी विचारलं,

"शालू, पुनव होऊन आठ दिवस झालं. यंदा ग्रंथ नाय काढलास?"

"बघू," मी म्हटलं.

'बघू' हा माझ्या वयाच्या बायकांचा शब्द आहे. 'नाही' म्हणायलासुद्धा जोर लागतो. तो नसला की आम्ही 'बघू' म्हणतो.

आषाढी पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत आमच्याकडे वर्षावास असतो. पावसाचे तीन महिने भिक्खू फिरायचं थांबवून एका जागी राहत, तो हा काळ. संध्याकाळी विहारात धम्माचा ग्रंथ वाचतात, बायका पांढऱ्या साड्या नेसून जातात, पावसात त्या साड्यांच्या काठांचं जे होतं ते होतं. काही घरं हे तीन महिने मटण-मच्छी बंद ठेवतात, काही फक्त पौर्णिमा पाळतात, आणि काही घरी फक्त 'पाळायला पाहिजे' असं म्हणतात. आमचं घर पहिल्यापासून या तिसऱ्या प्रकारातलं. आम्ही एकच वर्षावास नेमाने पाळला, मी सातवीत होते तेव्हा. आणि तो असा पाळला, की तीन महिन्यांचा वर्षावास आठ महिने चालला.

तेव्हा आम्ही मोहोपाड्याला चाळीत राहायचो. पप्पा एका रंगाच्या कंपनीत ठेक्यावर होते. त्यांच्या नखांत पिवळा रंग बसलेला असायचा. दगडाने घासला तरी जायचा नाही. भात कालवताना त्यांच्या बोटांकडे पाहिलं की भातात हळद पडलीय असं वाटायचं. पगारानंतरच्या रविवारी ते सकाळी सातलाच खुंटीवरची कापडी पिशवी काढून मटण आणायला जात. दुपारी आई चाळीत चार घरी वाटी पाठवायची. 'यशवंताच्या घरचा रस्सा' म्हणून त्या वाटीला नाव होतं, आणि त्या नावावर पप्पांचा फार जीव होता. माणसाला मिरवायला काहीतरी लागतं. पप्पांकडे तेवढंच होतं.

त्या वर्षी ज्येष्ठात एक दिवस पप्पा दुपारीच घरी आले. त्यांचं युनिट बंद झालं होतं. अशा वेळी ठेक्यावरची माणसं आधी घरी बसतात, तसे पप्पाही बसले. गेटपास त्यांच्या खिशातच राहिला, कारण तो परत मागायलाही कोणी आलं नाही.

आषाढी पौर्णिमेला आई विहारातून आली, पाय धुतले आणि म्हणाली, "यंदा मी वर्षावास पाळनार. पुरा."

"का गं? मधीच?" पप्पांनी विचारलं.

"मनात आलं. तुमच्यासाठी नाय, माझ्यासाठी. पन चूल एकच हाय, तवा तुमालाबी पाळाया लागंल."

पप्पांनी बाहेरच्या पावसाकडे पाहिलं. मग म्हणाले, "बरं. तुज्या मनात हाय तर पाळू."

एवढ्यावर ते मिटलं. ग्रंथ आमच्या फळीवर होताच, प्लास्टिकच्या पिशवीत. आईला अक्षरओळख बेताची, पप्पा संध्याकाळी काम शोधून दमून येणार, तेव्हा वाचायचं काम माझ्याकडे आलं. रोज दिवेलागणीला मी पाटावर बसायचे आणि मोठ्याने दोन पानं वाचायचे. पानांत खूण ठेवायला पप्पांनी खिशातून गेटपास काढून दिला. "आता कुटं दाखवायचाय? ऱ्हाऊ दे खुनंला," म्हणाले.

मी भाबडी होते, पण जीभ तिखट होती. पंधरा दिवसांत मी आईला विचारलं, मटण नको, निदान सुकट तरी? सुकट काही फार महाग नसते.

आईने आधी दार लोटलं. मग हळू म्हणाली, "सुकट भाजली का तिचा वास चाळभर सांगत फिरतो, यशवंताचं घर सुकटीवर आलं म्हनून. वर्षावासाला वास नसतो, बाय. आनि ह्ये पप्पास्नी कळता कामा नये. त्यांना वाटू दे, मलाच हौस आलीय."

तेव्हा मला समजलं की आपण काय पाळतोय. आम्ही पप्पांचा मान पाळत होतो.

मान पाळायचा म्हणजे पोट भरलं पाहिजे. उपाशी माणसाच्या तोंडावर नेम दिसत नाही, नुसती भूक दिसते. आई त्यासाठी जे करायची ते आठवलं की मला आजही आधी दमायलाच होतं. सकाळी ती पिशवी घेऊन रस्त्याकडेचा टाकळा खुडायला जायची. कोवळा तेवढाच, वरची चार पानं. तो धुऊन, चिरून, वर मूठभर भिजवलेली डाळ आणि लसूण घालून परतला की भाकरीबरोबर बरा लागायचा. टाकळा जून झाला की कुर्डू, मग परसातलं अळू, मग भोपळ्याची पानं. गिरणीतून आणलेल्या कण्यांचा भात, त्यावर कुळथाचं पिठलं. आणि आठवड्यातून दोनदा वाल. सोलायला आम्ही तिघंही बसायचो. पहिल्या दिवशी पप्पांनी एक दाणा इतका जोरात दाबला, की बिरडं उडून आईच्या केसांत अडकलं आणि आई कितीतरी दिवसांनी हसली.

"पोटं दोन असतात," आई म्हणायची. "एक भातानं भरतं. दुसरं वाटनानं भरतं. पयलं भरलं आनि दुसरं उपाशी राह्यलं, तर मानूस ताटावरून उठतं खरं, पन जेवत नाय." म्हणून मटणाचं वाटण तिने कधी बंद केलं नाही. कांदा आणि खोबरं निखाऱ्यावर काळं होईपर्यंत भाजायचं, लसूण-आलं घालून पाट्यावर गंधासारखं वाटायचं. मटण नसलं म्हणून काय झालं. ते वाटण तिने बटाट्याला लावलं, वांग्याला लावलं, अळूच्या कांद्यांना, अळकुड्यांना लावलं. एकदा डोंगराकडच्या वाडीवरून येणाऱ्या ठाकरणीने सुरणाचा मोठा गड्डा दिला. आईने त्याला आमसुलाच्या पाण्यात उकळून त्याची खाज मारली आणि वाटण लावून असं कालवण केलं, की शेजारच्या मंदाकाकू दारात येऊन उभ्या राहिल्या.

"काय गं, वर्षावासात रस्सा?"

आईने टोपावरचं झाकण उचललं, पळीने एक फोड काढली आणि त्यांच्या तळहातावर ठेवली. काकूंनी फुंकून खाल्ली. बराच वेळ चावत राहिल्या.

"सुरन हाय," त्या शेवटी म्हणाल्या. "पन खोटं नाय बोलत, मला मटनाची याद आली."

त्या दिवशी चार वाट्या गेल्या. पप्पांनी स्वतः नेऊन दिल्या.

आता माझ्या ऑफिसातली नवी मुलगी मला मोबाइलवर दाखवते, मॅडम बघा, कमी खर्चात पौष्टिक, सोयाबीनचे गोळे भिजवा, पिळा, मसाला लावा. ती बाई व्हिडिओत हसत हसत कांदा चिरते. मला तिचा राग येत नाही, पण तिच्या स्वयंपाकघरात कोणी दमलेलं नसतं हे मला खटकतं. स्वस्त जेवणाची गोम हीच आहे. जे पैशात वाचतं ते अंगातून जातं. मटणाला एक शिटी जास्त दिली की झालं. वालाला दोन दिवस आधी आठवण ठेवावी लागते, टाकळ्याला वाकावं लागतं, सुरणाची हाताला खाज सोसावी लागते. आईने ती आठ महिने सोसली आणि दमले असं एकदाही म्हणाली नाही. मी तर सांजेला दोनदा म्हणते. ती थकत नव्हती असं मात्र नाही. ग्रंथ ऐकता ऐकता तिचा डोळा लागायचा आणि मी थांबले की दचकून म्हणायची, "ऐकतेय मी, वाच."

आश्विन पौर्णिमा आली. विहारात ग्रंथ संपला, खीर झाली. पुढच्या रविवारी चाळीत घराघरांतून तव्यावर बोंबील पडल्याचा आवाज येत होता. पप्पांना काम नव्हतं. कधी दोन दिवस बांधकामावर, कधी टेंपोत माल भरायला, एवढंच. मंदाकाकूंनी विचारलं तेव्हा आई सहज म्हणाली, "विहारातला संपला. आमच्या घरचा ग्रंथ व्हायचाय अजून. तो संपल्याबिगर नाय तोंडात घ्यायचं."

चाळीला हे पटलं. घरचा ग्रंथ, घरचा नेम. आमच्या लोकांत कोणी ग्रंथ वाचतोय म्हटल्यावर त्याला 'पुरे कर' असं कोण म्हणणार.

मला मात्र तो संपवायचा होता. माझ्या नाकात बोंबील बसले होते. मी दोनची तीन पानं वाचायला लागले, तर आई म्हणाली, एकच वाच, पण समजून. आणि एक विचित्र गोष्ट व्हायची. कधी कधी वाचता वाचता वाटायचं, हे तर आपण मागेच वाचलंय. मी तसं म्हटलं, की आई म्हणायची, "चांगली गोष्ट परत परतच सांगत्यात." मला वाटलं, मोठ्या ग्रंथांची रीतच अशी असेल.

थंडी पडली. पप्पांची नखं आता खालून पांढरी यायला लागली होती. पिवळा रंग टोकाला सरकत चालला होता. जेवताना मला ती नखं दिसायची आणि मी दुसरीकडे बघायचे.

मग लोधिवलीची आत्या आली. पप्पांची थोरली बहीण, शेतीतली बाई, आवाज असा की चाळीच्या त्या टोकाला कळावं कोण आलंय. शनिवार होता, माझी सकाळची शाळा. आई पाणी भरायला गेलेली, पप्पा बाहेर. मी घरी आले आणि तासाभरात ग्रंथाची उरलेली सगळी पानं मनातल्या मनात, ओळींवरून बोट फिरवत, धावत धावत वाचून काढली. संध्याकाळी सगळे चहाला बसले आणि मी जाहीर केलं, "आत्या, आमचा ग्रंथ संपला."

"ग्वाड झालं गं," आत्या म्हणाली. "येशा, उद्या आयतवार हाय. आन मटन, माज्या हातचं करते. चाळीलाबी वाटी जाऊ दे. लई दिस झालं तुज्या घरचा रस्सा म्हनून ऐकलं नाय."

पप्पांनी बशीतला चहा पुरा केला. मग उठले, खुंटीवरची कापडी पिशवी काढली आणि तिची घडी हातात घेऊन उभे राहिले. उद्याचं मटण, आणि पिशवी त्यांनी आजच काढली होती. आता कुठे जायचं, कोणाकडे मागायचं, हे ते तिथे उभ्या उभ्या ठरवत होते. मला ते त्या पिशवीवरून समजलं. एका बोंबलासाठी मी काय करून बसले होते.

आई चुलीपाशी होती. तिने मागे वळूनही पाहिलं नाही.

"तिनं मनात वाचलाय," ती म्हणाली. "मी बगितली ना, खिडकीतून. व्हट हलत नव्हतं. मनात वाचल्याला धरत नाय. ग्रंथ घराला ऐकू आला पायजे."

आत्याने आईकडे पाहिलं. मग पिशवी धरलेल्या भावाच्या हाताकडे पाहिलं, त्या अर्ध्या पांढऱ्या नखांकडे. ती बाई अडाणी होती, पण तिला वाचता सगळं येत होतं.

"त्ये खरं हाय," आत्या म्हणाली, आणि तिचा आवाज पहिल्यांदाच चाळीच्या त्या टोकाला गेला नाही. "मनातलं कुनी ऐकलं? वाच गं पोरी, जितं ऱ्हायलं तितनं. मीबी ऐकते."

पप्पांनी पिशवी परत खुंटीला लावली. मी गेटपासाचं पान उघडलं आणि वाचायला लागले. चांगलं मोठ्याने. आत्या दोन दिवस राहिली, वाटण लावलेले बटाटे दोन्ही वेळा बोटं चाटून जेवली. पुढच्या आठवड्यात तिने एसटीतून वालाचं गाठोडं पाठवलं, निरोपासकट. 'ग्रंथ मोठा हाय, पुरतील येवढं धाडलंय.'

फाल्गुनात पप्पांना भिवपुरीकडे एका फार्महाउसवर रखवालदाराचं कायम काम लागलं. त्यानंतर आमचा ग्रंथ पाच दिवसांत संपला. मटण आलं, वाट्या गेल्या. मी दोन फोडी खाल्ल्या. मला आठवतं, मटण जरा वातड होतं. पप्पांच्या नखांत तोवर रंग राहिला नव्हता.

आई जाऊन तीन वर्षं झाली. पप्पा माझ्याकडे आले ते एक पेटी, दोन सदरे आणि तो ग्रंथ घेऊन. ग्रंथाची प्लास्टिकची पिशवी बदललीय, गेटपास तोच आहे. त्यावरचा फोटो पुसून नुसता एक राखाडी डाग उरलाय. पहिली दोन वर्षं मी वर्षावासात वाचलं. यंदा खरंच अंगात त्राण नव्हतं. पण पप्पांनी पुन्हा विचारलं नाही, आणि ते न विचारणंच मला लागलं. म्हणून परवा कुकर लावला, हात पुसले आणि ग्रंथ काढला.

एक पान वाचलं आणि गेटपास ठेवताना सहज म्हटलं, "पप्पा, तुम्हाला सांगू? त्या वर्षी आई ही खूण मागे सरकवायची. मी शाळेत गेले की. मला तिने फार उशिरा सांगितलं."

पप्पा वाल चाचपत होते. "तुजी आय? ती सरकवायची व्हय?"

"मग काय तर. तुम्हाला कळू नये म्हणून तिचं सगळं चाललं होतं."

अंधुक डोळ्यांनी त्यांनी माझ्या दिशेला पाहिलं.

"मी सरकवायचो," पप्पा म्हणाले. "सकाळी काम शोधाया भायेर पडायच्या आधी. चार-पाच पानं मागं. तिला वाटत व्हतं मला ठाव नाय. म्हटलं, वाटू दे. तिनं येवडा डाव मांडलाय, आपन मोडायचा नाय." मग ते स्वतःशीच हसले. "दोघंबी सरकवत व्हतो म्हन की. तरीच त्यो म्हातारा ग्रंथ जागचा हलत नव्हता."

मी हसले. मग उठून उगीच कुकर बघितला, कारण मला रडू येत होतं. एकाच घरात, एकाच कार्डाला दोघं हात लावत होती, आणि मरेपर्यंत एकमेकांना सांगितलं नाही. आईला हे कधीच कळलं नाही. का कळलं होतं, आणि तिनेही तेच म्हटलं, वाटू दे? आता कोणाला विचारणार.

काल ऑफिसात तपासणी होती. घरी यायला साडेसात झाले. पप्पांनी वाल सोलून ठेवले होते. मी फोडणी टाकली, वाटण लावलं, आमसुलं घातली आणि डोळे मिटत असतानाच ग्रंथ घेऊन बसले. उघडला, तर गेटपास दहा पानं पुढे होता. परवा मी कुठे थांबले होते ते मला चांगलं ठाऊक होतं.

मी पप्पांकडे पाहिलं. ते मान खाली घालून सालं गोळा करत होते.

"दमलीस ना," ते म्हणाले. "थोडंच ऱ्हायलं असंल आता. संपंल लवकर."

संपायची घाई एकदा मला झाली होती, सातवीत असताना. आता नाही. माझी पाठ दुखतेय, उद्या पुन्हा दाखले आहेत, पण समोर हा माणूस ऐकायला बसलाय.

मी गेटपास उचलला. दहा पानं मागे गेले. मग आणखी चार. आणि घराला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने वाचायला लागले.